स्पोर्ट्स कार घ्यायचीय तर घ्या, फक्त तिला एफडी म्हणू नका

गेल्या दोन-तीन वर्षांत एक वाद परत परत डोळ्यांसमोर येतोय. कुणीतरी रील टाकतं, मागे लाल किंवा पिवळी काहीतरी उभी असते, आणि भाऊ सांगत असतात की ही गाडी नाहीये, ही असेट आहे, वीस वर्षांनी हिची किंमत बघा. लगेच खाली फायनान्सवाले तुटून पडतात की गाडी शोरूमच्या गेटबाहेर आली की वीस टक्के गेले, एसआयपी कर बाबा. मग पहिली पार्टी मॅकलॅरेन एफ१ चा (नव्वदच्या दशकातली, आज कोट्यवधी डॉलरला जाणारी गाडी) फोटो चिकटवते आणि वाद तिथेच संपतो, कारण त्या फोटोपुढे एसआयपीचं काही चालत नाही. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय. "गाडीची किंमत नेहमी पडते" हे सरळ सरळ खोटं आहे, आणि "लिमिटेड एडिशन आहे म्हणजे वाढणारच" हे त्याहून मोठं खोटं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: आज शोरूममध्ये मिळणारी स्पोर्ट्स कार उद्याची कलेक्टेबल (म्हणजे संग्राहक चढ्या भावाने घेतील अशी) म्हणून विकत घेणं हा वाईट सौदा आहे. सगळ्या गाड्या भंगारात जातात म्हणून नव्हे, तर आजच्या गाड्या कलेक्टेबल म्हणूनच विकल्या जातायत म्हणून. जे जपून ठेवायचंय हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं ते दुर्मिळ होणार कसं?

ज्या गाड्यांची उदाहरणं दिली जातात त्यांचा इतिहास नीट बघा. फेरारी २५० जीटीओ, १९६२ ते ६४ मध्ये बनलेल्या जेमतेम ३६ गाड्या, त्यातली एक २०२३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण ही रेसची गाडी होती आणि रेसची गाडी जुनी झाली की तिला कुणी विचारत नाही. साठच्या दशकात त्यातली एक टेक्ससमधल्या एका हायस्कूलला देऊन टाकली, मुलांना मेकॅनिकचं काम शिकायला! शाळेने ती १९७२ मध्ये साडेसहा हजार डॉलरला विकली, आणि घेणाऱ्याने ती ओहायोत मोकळ्या जागेत ट्रेलरवर ठेवली, ऊन-पाऊस-बर्फ खात वर्षानुवर्षं. आज जिच्यासाठी अब्जाधीश रांगेत उभे राहतील ती गाडी तेव्हा गवतात उभी होती. यातला एकही मालक "फ्युचर कलेक्टेबल" असा विचार करत नव्हता. केला असता तर सगळ्या ३६ गाड्या सुरुवातीपासून कापडाखाली राहिल्या असत्या, रेसमध्ये धडकल्या नसत्या, जिंकल्या नसत्या आणि मग त्यांच्यात घेण्यासारखं तरी काय उरलं असतं?

मॅकलॅरेन एफ१ चंही तेच. आज देव मानतात, पण १९९२ ते ९८ मध्ये सगळ्या प्रकारच्या मिळून १०६ च बनल्या त्या काही मार्केटिंगने ठरवून नाही, ठरल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी कमी खपल्या म्हणून. साडेपाच लाख पौंडाची गाडी मंदीत कोण घेणार? लेक्सस एलएफए घ्या, २०१० ते १२ मध्ये फक्त ५००, किंमत पावणेचार लाख डॉलर, लोक हसले की लेक्ससला एवढे पैसे कोण देतं, आणि गाडी बंद होऊन पाच वर्षं झाली तरी अमेरिकेतल्या डीलरांकडे काही नव्याकोऱ्या पडून होत्या. पोर्शे करेरा जीटी, १५०० बनवायच्या होत्या, १२७० वर थांबले, आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर मूळ किमतीच्या बऱ्याच खाली मिळत होती. आज या तिन्ही गाड्यांचे भाव नव्या किमतीच्या कितीतरी वर आहेत. तिन्हींत समान काय? एक तर बाजाराला त्या नको होत्या तेव्हा त्या बनल्या, आणि दुसरं म्हणजे नंतर कळलं की असलं पुन्हा होणार नाही. हे दोन्ही मुद्दे बुकिंग करताना कळत नसतात. कळले असते तर त्या तेव्हाच विकल्या गेल्या असत्या.

आता समोरच्या बाजूचं बळ मान्य करतो, कारण ते खरंच आहे. पहिला मुद्दा, पेट्रोल आणि मॅन्युअल गिअर दोन्ही जातायत. फेरारीने २०१२ च्या आसपास मॅन्युअल देणं बंद केलं आणि तेव्हापासून जुन्या मॅन्युअल फेरारींचे भाव ऑटोमॅटिकपेक्षा कुठल्या कुठे गेले. युरोपियन युनियनने २०३५ चा कायदा केला, तो पुढे कितीही ढिला होवो, दिशा दिसतेच. मग नैसर्गिक श्वास घेणारं, म्हणजे टर्बो नसलेलं, बारा सिलिंडरचं व्ही१२ किंवा ९००० आरपीएमला जाणारं सहा आडव्या सिलिंडरचं फ्लॅट-सिक्स इंजिन शेवटचं असेल तर त्याला किंमत येणार नाही का? येईल. इलेक्ट्रिकवाल्यांनी सुद्धा हे कबूल केलंय, रिमॅक नेव्हेरा ही इलेक्ट्रिक हायपरकार, वेगाचे विक्रम तिच्या नावावर, फक्त १५० बनवायच्या होत्या, तरी २०२४ मध्ये खुद्द कंपनीचे संस्थापक माटे रिमॅक म्हणाले की अगदी वरच्या थरातल्या गिऱ्हाइकाला इलेक्ट्रिक नकोय. म्हणजे श्रीमंतांना आवाज हवाय, वास हवाय, थरथर हवीय. दुसरा मुद्दा टॅक्सचा, ब्रिटनमध्ये खाजगी गाडीवर कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही, तिकडच्या श्रीमंतांना हा मोठा फायदा आहे. आणि तिसरा, जो मला सगळ्यात पटतो, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट कुणी रविवारी सकाळी लोणावळ्याला फिरवून आणत नाही.

तरी सौदा वाईटच. पहिल्या मुद्द्याचंच बघू. "शेवटची मॅन्युअल" ही गोष्ट तुम्हाला एकट्याला माहीत आहे का? पोर्शेला माहीत नाही? २०१६ मध्ये त्यांनी ९११ आर काढली, जीटी३ आरएसचं (९११ चीच रेसच्या धाटणीची आवृत्ती) इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, मागचा मोठा पंख (स्पॉयलर) नाही, फक्त ९९१ गाड्या. लोक वेडे झाले. अमेरिकेत १ लाख ८५ हजार डॉलरची गाडी, आणि डिलिव्हरी सुरू होतायत तोवर लोक दुप्पट-तिप्पट नि त्याच्याही वर मागायला लागले, कारण जीटी गाड्यांत मॅन्युअल परत येणार नाही असं सगळे धरून चालले होते. पोर्शेने काय केलं? २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअल दिली, आणि त्याच वर्षी पंख काढलेली टुरिंग पण आणली, तीही कितीही बनवायची मुभा ठेवून. आर चे भाव धाडकन खाली आले. आजही ती मूळ किमतीच्या वर आहे हे मान्य, पण ज्यांनी वरच्या भावात घेतली त्यांना धडा मिळाला की दुर्मिळतेची टाकसाळ कंपनीच्या ताब्यात आहे आणि ती कधीही परत सुरू होऊ शकते. इतकंच काय, जॅग्वारने पन्नाशी-साठीच्या दशकातल्या स्वतःच्याच गाड्या "कंटिन्युएशन" म्हणून नव्याने बांधल्या, ॲस्टन मार्टिनने २०१७ मध्ये डीबी४ जीटी परत आणली. मेलेली गाडी सुद्धा परत बनू शकते तर जिवंत कंपनीच्या "शेवटच्या" वर किती विश्वास ठेवायचा?

आणि लिमिटेडचा आकडा बघा कसा फुगत गेलाय. फेरारीच्या सगळ्यात वरच्या गाड्या घेतल्या तर एफ५० च्या ३४९, मग एन्झोच्या ४००, मग लाफेरारीच्या ५०० आणि वर छत नसलेल्या अपेर्टाच्या आणखी दोनशेवर, आता एफ८० च्या ७९९, किंमत ३६ लाख युरो. दरवेळी "मर्यादित", दरवेळी जास्त. (एफ४० तर १३०० च्या वर बनली, पण ती आधी ४०० ठरली होती आणि नंतर मागणी बघून वाढवत नेली, त्यावर पुढे येतोच.) साध्या मॉडेलांचं तर बोलायलाच नको. फेरारीने २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या दिल्या. पोर्शेने त्याच वर्षी ९११ एकटीच पन्नास हजारांच्या वर. पन्नास हजार! आणि यातली जी जी थोडी खास असेल ती ती कुणीतरी प्लास्टिक न काढता, सीटवरचं कव्हर तसंच ठेवून, ह्युमिडिटी कंट्रोलवाल्या गॅरेजमध्ये लावून ठेवलेली आहे. म्हणजे २०४५ मध्ये बाजारात "फक्त ५०० किलोमीटर चाललेली" अशी एक गाडी येणार नाही, शेकड्यांनी येतील, आणि साधारण एकाच वेळी येतील, कारण सगळ्यांचा प्लॅन एकच आहे. तेव्हा ती कमी चाललेली असण्याचं कौतुक कुणाला?

हे सगळं आधी एकदा घडून गेलंय, तेही फार जुनं नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, पैसा नवीन घर शोधत होता, जपानमध्ये पैशाचा पूर आलेला, आणि ऑगस्ट १९८८ ला एन्झो फेरारी गेले. बस, "आता खरी फेरारी परत होणे नाही" हे वाक्य तेव्हाही असंच फिरलं. एफ४० नवीन होती, तरी नव्या किमतीच्या कितीतरी पट भावाने हात बदलायला लागली, लोक गाडी नाही तर नुसती बुकिंगची पावती विकत होते. १९८८ मध्ये जॅग्वारने एक्सजे२२० दाखवली, व्ही१२ आणि फोर व्हील ड्राइव्हचं वचन, लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड डिपॉझिट भरलं, त्यात गाडी चालवायची इच्छा किती जणांना होती देव जाणे. १९९२ ला गाडी आली तेव्हा व्ही१२ च्या जागी टर्बो व्ही६, फोर व्हील ड्राइव्ह गायब, किंमत ४ लाख ७० हजार पौंडांवर आणि बाहेर मंदी. काही गिऱ्हाइकं गाडी नको म्हणून कोर्टात गेली! ३५० बनवायच्या होत्या, २८० च्या आसपास बनल्या आणि त्याही खपता खपेनात. खुद्द २५० जीटीओ, जी १९८९ च्या आसपास एक कोटी डॉलरच्या वर गेली होती, ती पाच वर्षांत तीस लाखांच्या आसपास आली. सगळ्यात उत्तम गाडीचं हे झालं, तर बाकीच्यांचं काय झालं असेल.

आपल्याकडे ज्यांना नव्वदीचं दशक आठवतं त्यांना सागवानाच्या स्कीम आठवतील. एक झाड घ्या, वीस वर्षांनी लाखो रुपये. सागवान खरंच महाग असतं, यात खोटं काही नव्हतं. पण लाकडाचा भाव आणि स्कीमचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शेवटी सेबीला १९९९ मध्ये त्यासाठी वेगळे नियम आणावे लागले. स्पोर्ट्स कार ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाहीये, गाडी तुमच्या दारात खरीखुरी उभी असते. तर्क मात्र तोच आहे: जुनी झालेली अमुक वस्तू आज महाग आहे, म्हणून आज नवी असलेली तशीच वस्तू उद्या महाग होईल. मधली जी हजार झाडं वाळली त्यांचा हिशोब कुणी सांगत नाही.

हिशोबाचं निघालंच आहे तर तो सगळ्यात लाडका फोटो घेऊ. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला एक १९९५ ची मॅकलॅरेन एफ१ लिलावात २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली. सव्वीस वर्षांत फक्त २४२ मैल चाललेली. नवी घेताना साधारण आठ-नऊ लाख डॉलर पडले असतील असं धरलं तर वर्षाला तेरा टक्क्यांच्या आसपास चक्रवाढ परतावा झाला. छान आहे. आता त्याच काळात अमेरिकेतल्या ५०० कंपन्यांच्या साध्या इंडेक्समध्ये डिव्हिडंड परत गुंतवत पैसे टाकले असते तर दहा-अकरा टक्के मिळाले असते, झोपून. म्हणजे मागे वळून बघताना नव्वदच्या दशकातली बहुधा सगळ्यात चांगली निवड, ती पण जवळपास न चालवता, आणि फरक दोन-तीन टक्क्यांचा, ज्यातून इन्शुरन्स, सर्व्हिस, जागा आणि लिलाव कंपनीचं कमिशन जायचंय. हा तुमचा विराट कोहली आहे, टीममधल्या बाराव्या खेळाडूचं काय? आणि २४२ मैल! वर मी जो तिसरा मुद्दा पटतो म्हणालो ना, आनंदाचा, तो इथे मरतो. गाडी गुंतवणूक असेल तर चालवता येत नाही, चालवली तर गुंतवणूक राहत नाही, आणि लोक वाद घालताना दोन्ही फायदे एकाच गाडीच्या नावावर लिहितात.

त्यात या गाड्या म्हाताऱ्या होणार कशा हा वेगळाच प्रश्न. एफ१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आजच्या मानाने काहीच नाही, तरी तिची तपासणी करायला कंपनीला नव्वदच्या दशकातले कॉम्पॅकचे लॅपटॉप सांभाळून ठेवावे लागले होते, कारण त्यात बसणारं खास कार्ड दुसऱ्या कशात चालत नव्हतं. आता लाफेरारी, मॅकलॅरेन पी१, पोर्शे ९१८ आणि त्यानंतरच्या गाड्यांचा विचार करा, हायब्रिड बॅटरी, टचस्क्रीन, डझनावारी कंट्रोल युनिट, सॉफ्टवेअरचं कुलूप कंपनीच्या खिशात. मान्य आहे की पोर्शे जुन्या गाड्यांचे पार्ट आजही बनवते, काही तर थ्रीडी प्रिंट करून, आणि फेरारीने २०२४ मध्ये हायब्रिड गाड्यांसाठी ठराविक वर्षांनी बॅटरी बदलून देणारी वॉरंटी काढली. पण ती वॉरंटी दरवर्षी पैसे भरून घ्यायची आहे. सोन्याचं बिस्कीट ठेवायला कुणी वार्षिक वर्गणी भरतं का? १९६२ ची फेरारी एखादा हुशार कारागीर पत्रा ठोकून, पिस्टन ओतून परत उभी करू शकतो. २०२२ च्या गाडीचा काळा पडलेला स्क्रीन कोण ठोकणार.

आणि मिळते कुणाला? जी गाडी खरंच वाढायची शक्यता असते ती वॉक-इन गिऱ्हाइकाला मिळतच नाही. आधी दोन-चार साध्या घ्या, त्यांच्यावर तोटा खा, डीलरच्या कार्यक्रमांना जा, मग अलोकेशन, म्हणजे खास गाडी तुमच्या नावावर राखून ठेवणं. मग स्पेशलवर झालेला फायदा मोजताना त्या साध्या गाड्यांचा तोटा वजा करणार की नाही? वर अटी. फोर्ड जीटी २०१७ ला आली तेव्हा दोन वर्षं विकायची नाही असं लिहून घेतलं होतं, कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीनाने लवकर विकली तर फोर्डने त्याच्यावर केस टाकली, शेवटी २०१८ ला तडजोड झाली. जी वस्तू तुम्हाला हवी तेव्हा विकता येत नाही तिला असेट म्हणायला जीभ जरा अडखळायला हवी.

हे सगळं कॅलिफोर्नियातल्या किंवा दुबईतल्या आपल्या मराठी पोरांसाठी, ज्यांच्याकडे आता खरंच असे पैसे आहेत आणि जे आईला फोनवर "इन्व्हेस्टमेंट आहे गं" म्हणून सांगतात. भारतात घेणाऱ्याचं गणित तर सुरूच होत नाही. पूर्ण बांधून आलेल्या महागड्या गाडीवर आयातीचे कर शंभर टक्क्यांच्या वर, त्यावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, मग आरटीओ. हे सगळे पैसे म्हणजे दागिन्याची घडणावळ, मोडायला गेलात की हिशोबात धरत नाहीत. मोनॅकोतला संग्राहक तुम्हाला आपल्या कस्टम्सची ड्युटी भरून देणार नाहीये. म्हणजे विकायची ती इथेच, आणि इथले घेणारे किती, तर एका हॉलमध्ये मावतील. शिवाय कायद्याच्या दृष्टीने तुमची गाडी कलेक्टेबल कधी होणार? २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांच्या वरची. म्हणजे २०२५ ची गाडी २०७५ मध्ये. तोवर ती नुसती जुनी गाडी, पंधरा वर्षांनी दर पाच वर्षांनी पासिंग, आणि वीस वर्षं उलटली की आयात केलेल्या चारचाकीच्या रिन्यूअलची फी २०२५ पासून ८० हजार रुपये.

गंमत म्हणजे भारतात कलेक्टेबल तयार होतायत, फक्त त्या कुणी कलेक्टेबल म्हणून घेतल्या नव्हत्या. यामाहा आरएक्स१००, १९८५ ते ९६, दूधवाल्यापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांनी बेदम चालवली, प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोकचं युग संपवलं, आणि आज चांगल्या अवस्थेतली मिळवायची तर नव्या किमतीच्या कितीतरी पट मोजावे लागतात. राजदूत ३५० ला तर तेव्हा लोक पेट्रोल पिते म्हणून शिव्या घालायचे. अमेरिकेतही तेच, १९९४ ची एक टोयोटा सुप्रा २०१९ मध्ये लिलावात पावणेदोन लाख डॉलरच्या जवळ गेली, कारण जी पोरं तिच्याकडे बघत मोठी झाली त्यांच्या हातात आता पैसा आलाय. लोक लहानपणी हुकलेली गाडी विकत घेतात. आज बारा वर्षांचं पोरगं २०५० मध्ये काय शोधेल हे मला सांगता येणार नाही, पण ज्या गाडीला त्याने रस्त्यावर कधी पळताना बघितलंच नाही, कारण ती कापडाखाली होती, ती तो का शोधेल?

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, हौस असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या हाताची घ्या, पहिल्या मालकाला तोटा खाऊ दे, मॅन्युअल मिळाली तर उत्तम, आणि घसरण हा हौसेचा खर्च समजून बाजूला काढा. आणि तरीही जर कुणाला वाटत असेल की दारातली गाडी वाढतेय, तर इन्शुरन्सची पॉलिसी काढून आयडीव्हीचा (विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत) रकाना बघावा. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के कमी, वर्षापर्यंत पंधरा, आणि पाचव्या वर्षापर्यंत पन्नास, मग ती स्विफ्ट असो की फेरारी. चोरीला गेली तर तेवढेच मिळणार.